दीर्घिकासमूहांच्या टकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुलेट क्लस्टरचं, म्हणजे एकमेकांतून आरपार गेलेल्या दोन दीर्घिकासमूहांचं, ते गुलाबी-निळं चित्र बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. खाली ‘कृष्णद्रव्याचा पुरावा’ अशी एक ओळ असते आणि विषय तिथेच संपतो. खरं तर प्रश्न तिथून सुरू होतात. हमखास विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींना दोन ओळी पुरतात, काहींना पुरत नाहीत.

दीर्घिकासमूह म्हणजे नेमकं काय?

गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या शेकडो ते हजारो दीर्घिका. पसारा साधारण एक कोटी प्रकाशवर्षांचा आणि वस्तुमान सूर्याच्या एक लाख अब्ज ते दहा लाख अब्ज पट. मात्र या वस्तुमानात दीर्घिकांचा वाटा किरकोळ असतो. सगळे तारे मिळून जेमतेम काही टक्के भरतात. त्याच्या कितीतरी पट वस्तुमान दीर्घिकांच्या मधल्या मोकळ्या जागेत पसरलेल्या वायूचं असतं. हा वायू एक कोटी ते दहा कोटी अंशांपर्यंत तापलेला असतो आणि त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. उरलेला ऐंशी टक्क्यांहून अधिक ऐवज कृष्णद्रव्याचा. ते प्रकाश देत नाही, अडवतही नाही, फक्त त्याचं गुरुत्व जाणवतं. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले, तेव्हा त्या इतक्या जोरात धावताना आढळल्या की दिसणाऱ्या वस्तुमानाला त्या धरून ठेवणं शक्यच नव्हतं. कृष्णद्रव्याचा संशय तेव्हापासूनचा.

दीर्घिका, वायू आणि कृष्णद्रव्य हे तीन घटक लक्षात ठेवा. टकरीत तिघेही वेगवेगळे वागतात आणि या अभ्यासाचं सगळं मर्म तिथेच आहे.

म्हणजे टक्कर झाली की हजारो दीर्घिका एकमेकींवर आदळतात?

नाही. पाखरांचे दोन थवे समोरासमोरून यावेत आणि एकमेकांतून आरपार निघून जावेत, तसंच इथे होतं. दीर्घिकांच्या आकाराच्या मानाने त्यांच्यातलं अंतर बरंच मोठं असतं, त्यामुळे बहुतेक दीर्घिका न धडकता पुढे जातात. एखाददुसरी जोडी आपटली तरी त्यांच्यातले तारे एकमेकांवर आपटण्याची शक्यता जवळपास शून्य. धडकतो तो वायू.

विश्व प्रसरण पावत असताना समूह एकमेकांकडे येतातच कसे?

प्रसरण मोठ्या अंतरांवर चालतं. जिथे पुरेसं वस्तुमान दाटलेलं आहे तिथे गुरुत्व प्रसरणावर मात करतं. विश्वातलं द्रव्य धाग्यांच्या जाळ्यासारखं पसरलेलं आहे आणि धागे जिथे मिळतात त्या गाठींवर समूह तयार होतात. धाग्यांवरून लहान समूह गाठीकडे ओढले जातात आणि मोठ्या समूहात विलीन होतात. त्यामुळे टक्कर हा अपघात नव्हे. आजचा प्रत्येक मोठा समूह अशाच टकरींतून मोठा झाला आहे. काहींच्या टकरी अजून चालू आहेत, काहींच्या खुणा पुसत आल्या आहेत, एवढाच फरक.

टक्कर व्हायच्या आधीची अवस्थाही पाहायला मिळते. आबेल ३९९ आणि आबेल ४०१ हे दोन समूह अजून एकमेकांत शिरलेले नाहीत, पण २०१९ मध्ये लोफार या रेडिओ दुर्बिणीने त्यांच्यामध्ये रेडिओ लहरी देणारा, साधारण एक कोटी प्रकाशवर्षं लांबीचा पट्टा टिपला.

वेग किती असतो? आणि ऊर्जा?

एकमेकांच्या गुरुत्वात पडताना समूहांचा वेग सेकंदाला दोन-तीन हजार किलोमीटरपर्यंत जातो. त्या तप्त वायूत ध्वनीचा वेगच मुळात सेकंदाला हजार ते दीड हजार किलोमीटर असतो. तरीही टक्कर त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने होते, म्हणून वायूत आघात तरंग, म्हणजे ध्वनीहून वेगाने धावणाऱ्या दाबाच्या लाटा, उठतात.

ऊर्जेबाबत बोलायचं तर महास्फोटानंतरच्या सर्वांत ऊर्जावान घटना याच. मोठ्या टकरीत साधारण १०^५७ ज्यूल ऊर्जा मोकळी होते. सूर्य त्याच्या संपूर्ण आयुष्यात जेवढी ऊर्जा बाहेर टाकेल तिच्या ही सुमारे दहा लाख कोटी पट भरते. मात्र ‘स्फोट’ डोळ्यांसमोर आणू नका. ही ऊर्जा अब्जावधी वर्षांत, कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या पसाऱ्यात मोकळी होते. शेजारच्या एखाद्या ग्रहावर कोणी राहत असेल तर त्याला काही घडतंय याचा पत्ताही लागणार नाही.

वायू इतका विरळ असतो म्हणतात. मग तो धडकतो तरी कसा?

शंका रास्त आहे. समूहाच्या बऱ्याच भागात एक लिटर जागेत सरासरी जेमतेम एक कण सापडेल. पण हा वायू म्हणजे प्लाझ्मा आहे, सुट्या इलेक्ट्रॉन-प्रोटॉनांचा. विद्युतभार असल्यामुळे हे कण दुरूनच एकमेकांना ढकलतात-ओढतात. शिवाय त्यात क्षीण चुंबकीय क्षेत्र गुंफलेलं असतं, ते कणांना सरळ जाऊ देत नाही. वाटही लाखो प्रकाशवर्षांची. एवढ्या लांबच्या प्रवासात वायूला ब्रेक लागतोच.

टकरीत क्रमाने काय काय होतं?

आधी दोन्ही समूहांच्या कडेचा वायू दाबला जाऊन तापतो. मग गाभे एकमेकांतून जातात. या क्षणी वायू अडतो आणि मागे राहतो. दीर्घिका आणि कृष्णद्रव्य मात्र थेट पुढे निघतात. आघात तरंग बाहेरच्या दिशेने फाकत जातात. पुढे गेलेले दोन्ही भाग गुरुत्वामुळे मंदावतात, थांबतात, परत फिरतात आणि पुन्हा एकमेकांतून जातात. प्रत्येक फेरीत आवेग कमी होत जातो आणि दोन-चार अब्ज वर्षांत एकच मोठा समूह उरतो. पोटातला वायू त्यानंतरही बराच काळ हिंदकळत राहतो. त्या हिंदकळण्याने गाभ्याभोवती क्ष-किरणांत नागमोडी कडा उमटतात, आणि वरवर शांत दिसणाऱ्या समूहातही त्या सापडतात.

या झोडपण्यात एखाद्या दीर्घिकेचा स्वतःचा वायूही ओरबाडला जातो आणि तिच्यामागे लांब शेपट्या लोंबतात. वायू गेला की नवे तारे जन्मणं थांबतं. जाता जाता मात्र दाबामुळे थोडा काळ ताऱ्यांचा पूर येऊ शकतो.

बुलेट क्लस्टरचं चित्र नीट कसं वाचायचं?

आधी हे समजून घ्या की तो एक फोटो नाही. तीन वेगळ्या प्रकारची माहिती एकावर एक ठेवली आहे आणि रंग नंतर भरलेत.

पाठीमागे दिसणाऱ्या पांढुरक्या-केशरी दीर्घिका खऱ्याखुऱ्या दृश्य प्रकाशातल्या, हबल आणि चिलीतल्या मॅगेलन दुर्बिणींनी टिपलेल्या. गुलाबी भाग म्हणजे तप्त वायू, चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने शंभर तासांहून अधिक काळ रोखून पाहिला तेव्हा मिळालेला. निळा भाग कोणत्याच दुर्बिणीने पाहिलेला नाही. तो गणिताने काढलेला वस्तुमानाचा नकाशा आहे. निळ्या ढगाला ‘कृष्णद्रव्याचा फोटो’ म्हणणं इथेच फसतं. आकाशात निळं काही नाही.

आता गुलाबी भाग बघा. उजवीकडे बाणाच्या टोकासारखा एक घट्ट पुंजका आहे, ज्याच्यावरून समूहाला नाव पडलं. लहान समूह मोठ्या समूहातून डावीकडून उजवीकडे गेला, त्याच्या गाभ्याचा हा वायू. या टोकाची कड धारदार आहे, पण ती आघात तरंगाची नव्हे. कडेच्या आत वायू दाट आणि तुलनेने थंड, बाहेर विरळ आणि जास्त तप्त. अशा कडेला शीत आघाडी म्हणतात. खरा आघात तरंग तिच्या थोडा पुढे, अंधूक कमानीसारखा दिसतो. तिथे दाट बाजूच जास्त तापलेली आहे. दाट बाजू गरम की गार, एवढ्या एका मोजमापावरून दोन कडा ओळखू येतात. त्या कमानीच्या दोन्ही बाजूंचं तापमान आणि घनता मोजून आघाताचा वेग ध्वनीच्या सुमारे तिप्पट निघाला.

शेवटी निळा रंग. दोन निळे ढग गुलाबी ढगांच्या बाहेर, दोन टोकांना आहेत आणि दीर्घिकाही नेमक्या तिथेच आहेत. दोन टोकांतलं अंतर वीस लाख प्रकाशवर्षांहून जास्त. साध्या द्रव्यातला मोठा हिस्सा वायूचा, म्हणजे वस्तुमान फक्त साध्या द्रव्याचं असतं तर नकाशाची शिखरं गुलाबी भागावर यायला हवी होती. ती आली नाहीत. २००६ साली डग्लस क्लो, मक्सिम मार्केविच आणि सहकाऱ्यांनी हाच निष्कर्ष मांडला आणि चित्र जगभर गेलं.

आपल्याला दिसतो तो प्रकाश साधारण ३.४ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला आहे आणि त्यात गाभे एकमेकांतून गेल्यानंतरचा दहा-पंधरा कोटी वर्षांनीचा क्षण दिसतो. आकाशात जागा कुठे म्हणाल, तर अगस्त्य तारा ज्या तारकासमूहात आहे त्याच तारकासमूहात.

न दिसणाऱ्या वस्तुमानाचा नकाशा काढतात कसा?

गुरुत्वीय भिंगाने. वस्तुमान प्रकाशाची वाट वाकवतं, त्यामुळे समूहाच्या मागे खूप दूर असलेल्या दीर्घिकांची प्रतिमा ताणली जाते. गाभ्याजवळ परिणाम इतका तीव्र असतो की एकाच दीर्घिकेच्या लांबलचक कमानी दिसतात, कधी दोन-तीन प्रतिमाही. आबेल ३७० मधली अशी कमान १९८० च्या दशकात गाजली.

गाभ्यापासून दूर गेलं की ताण काही टक्क्यांवर येतो (याला दुर्बल भिंग म्हणतात) आणि इथे खरी मेहनत लागते. दीर्घिका मुळातच लांबट असतात, कोणी कशीही वळलेली. एकाच दीर्घिकेकडे पाहून तिचा लांबटपणा स्वतःचा किती आणि भिंगाचा किती हे सांगताच येत नाही. म्हणून हजारो दीर्घिकांचे आकार मोजून सरासरी काढतात. मूळचे आडवेतिडवे कल एकमेकांना खोडतात आणि समूहाभोवती गोलाकार लागलेला सामायिक कल तेवढा उरतो. त्यावरून वस्तुमान कुठे किती हे मांडता येतं. दुर्बिणीची भिंगं-आरसे आणि पृथ्वीचं वातावरणही आकार बिघडवतात. ते आधी काटेकोरपणे वजा करावं लागतं, नाहीतर नकाशात भलतीच शिखरं उगवतात.

आता जेम्स वेब दुर्बिणीमुळे आणखी एक वाट मोकळी झाली आहे. समूहात काही तारे कोणत्याच दीर्घिकेचे नसतात, ओढाताणीत सुटून मोकळे फिरत असतात. त्यांचा मंद उजेड कृष्णद्रव्याच्या मांडणीशी चांगला जुळतो. २०२५ मध्ये बुलेट क्लस्टरचा नवा नकाशा याच मार्गाने तपासला गेला.

वायूचं तापमान इतक्या दुरून कसं कळतं?

क्ष-किरणांच्या वर्णपटावरून. तप्त वायूतले इलेक्ट्रॉन प्रोटॉनांजवळून जाताना वळतात आणि क्ष-किरण सोडतात. वायू जितका तप्त तितके जास्त ऊर्जेचे क्ष-किरण. तेज घनतेच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणून चित्रातल्या उजेडावरून घनताही मिळते. पृथ्वीचं वातावरण क्ष-किरण शोषून घेत असल्याने या दुर्बिणी अवकाशातच हव्यात. चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दोन्ही १९९९ सालच्या. चंद्राची नजर सर्वांत बारीक, म्हणून धारदार कडा तीच दाखवते.

वायूचा वेग मोजणं मात्र खूप काळ जमत नव्हतं. त्यासाठी लोहाच्या वर्णरेषा किती सरकल्या, किती रुंदावल्या हे बघावं लागतं आणि जुन्या उपकरणांत त्या एकमेकींत मिसळून जायच्या. २०१६ मध्ये जपानच्या हितोमी उपग्रहाने पर्सियस समूहाच्या गाभ्यातल्या वायूची खळबळ सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर असल्याचं दाखवलं आणि काही आठवड्यांतच तो निकामी झाला. या क्षेत्रातल्या लोकांना ती हळहळ अजून आहे. त्याची जागा भरून काढणारा एक्सरिझम सप्टेंबर २०२३ मध्ये अवकाशात गेला आणि आता इतर समूहांतही तशी मोजमापं होऊ लागली आहेत.

रेडिओ दुर्बिणींचा इथे काय संबंध?

मोठा संबंध, आणि लोकप्रिय लेखांत सर्वांत दुर्लक्षित राहतो तो हाच भाग.

आघात तरंग वायू तापवतो, शिवाय काही इलेक्ट्रॉनांना जवळपास प्रकाशाच्या वेगापर्यंत नेतो. हे इलेक्ट्रॉन समूहाच्या क्षीण चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडतात. क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या लाखो पटींनी दुबळं, पण पसारा प्रचंड. परिणामी समूहाच्या कडेला कमानीसारखे, लाखो प्रकाशवर्षं लांबीचे पट्टे दिसतात. त्यांना रेडिओ अवशेष म्हणतात. मध्यभागी कधी कधी धूसर, गोलसर रेडिओ आभाही असते. ती टकरीनंतर वायूत माजलेल्या खळबळीतून येते असं मानलं जातं.

यातलं नमुनेदार उदाहरण ‘सॉसेज’ समूहाचं, म्हणजे सिझा जे२२४२.८+५३०१. त्याचा अवशेष साठ लाखांहून अधिक प्रकाशवर्षं लांब आणि आश्चर्यकारकरीत्या सडपातळ आहे. राइनाउट व्हॅन वीरन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तो मांडला तेव्हा वापरलेल्या दुर्बिणींत खोडदची जीएमआरटी होती. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना असलेली ही दुर्बीण कमी वारंवारतेला संवेदनशील आहे आणि नेमकं तेच इथे लागतं. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आघाताजवळ ताजी असते, मागे सरकावं तशी ती ओसरते. दमलेले इलेक्ट्रॉन कमी वारंवारतेवरच दिसतात. पट्ट्याच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत रेडिओ वर्णपट कसा उतरत जातो हे मोजलं की आघात कोणत्या दिशेने चालला आहे आणि अमुक ठिकाणाहून जाऊन त्याला किती काळ झाला, दोन्ही हाती येतं. सॉसेजमध्ये हा उतार इतका सुबक आहे की पाठ्यपुस्तकातल्या आकृतीवर शंका यावी.

अडचणही आहे. रेडिओवरून काढलेला आघाताचा जोर आणि क्ष-किरणांवरून काढलेला जोर बरेचदा जुळत नाहीत. रेडिओचा जास्त निघतो. शिवाय इतके सौम्य आघात साध्या वायूतल्या इलेक्ट्रॉनांना एवढं पळवू शकतील हे गणितात बसत नाही. एक सोडवणूक अशी की त्या जागी आधीच एखाद्या दीर्घिकेच्या कृष्णविवराने फेकलेले जुने इलेक्ट्रॉन पडून होते आणि आघाताने त्यांनाच पुन्हा पेटवलं. आबेल ३४११-३४१२ मध्ये एका दीर्घिकेचा फवारा थेट रेडिओ अवशेषाला जाऊन मिळताना दिसतो, ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यातही जीएमआरटीची निरीक्षणं होती. सगळ्या अवशेषांना हेच उत्तर लागू पडतं का, यावर अजून एकमत नाही.

फार दूरचे समूह सापडतात कसे?

त्यांच्या सावलीवरून. महास्फोटानंतरच्या सुरुवातीच्या काळातलं मंद प्रारण आकाशात सर्व बाजूंनी येत असतं. ते तप्त वायूतून जाताना इलेक्ट्रॉनांकडून थोडी ऊर्जा उचलतं, त्यामुळे कमी वारंवारतेवर त्या जागी किंचित खळगा दिसतो आणि जास्त वारंवारतेवर उठाव. रशीद सुन्याएव आणि याकोव्ह झेल्दोविच यांनी हा परिणाम १९७० च्या सुमारास वर्तवला होता. त्याची खुबी अशी की समूह दूर असल्याने तो फिका पडत नाही. चिलीतल्या अटाकामा दुर्बिणीला ‘एल गोर्डो’ असाच सापडला. त्याचं वस्तुमान सूर्याच्या वीस लाख अब्ज पटींहून अधिक, तोही दोन समूहांच्या टकरीत असलेला, आणि प्रकाश सात अब्ज वर्षांपूर्वीचा.

टक्कर अब्जावधी वर्षं चालते. मग आधी काय झालं, पुढे काय होईल, हे सांगतात कशाच्या जोरावर?

प्रत्येक टकरीची एकच स्थिर चौकट आपल्या हाती असते आणि ती आपल्या हयातीत हलणार नाही. म्हणून संगणकावर टकरी घडवून आणतात. दोन समूहांचं वस्तुमान, वेग आणि नेम किती चुकला हे बदलत शेकडो प्रयोग करतात. ज्यातल्या एखाद्या क्षणाचं चित्र क्ष-किरण, भिंग आणि रेडिओ या तिन्ही निरीक्षणांशी जुळतं तो खरा इतिहास धरतात.

याने मोठा गैरसमजही दूर झाला. बुलेट क्लस्टरच्या आघाताचा वेग सेकंदाला सुमारे ४,७०० किलोमीटर निघाला तेव्हा समूहही तेवढ्याच वेगाने जात असणार असं धरलं गेलं आणि विश्वाच्या प्रचलित प्रतिमानात एवढा वेग बसत नाही अशी ओरड झाली. फोल्कर स्प्रिंगेल आणि ग्लेनिस फरार यांनी २००७ मध्ये संगणकीय प्रयोगाने दाखवलं की समोरचा वायूही गोळीच्या, म्हणजे लहान समूहाच्या, दिशेने आत पडत असतो, म्हणून आघाताचा वेग फुगतो. समूहाचा स्वतःचा वेग सुमारे २,७०० किलोमीटरच.

कोन ही वेगळी डोकेदुखी. टक्कर आपल्या नजरेच्या आडवी झाली तर घटक वेगळे झालेले दिसतात. आपल्याच दिशेने झाली तर सगळं एकावर एक पडतं. तेव्हा दीर्घिकांची ताम्रसृती, म्हणजे दूर जाण्यामुळे त्यांचा प्रकाश तांबड्याकडे किती सरकला हे, मोजून दोन गट वेगळे काढावे लागतात. मॅक्स जे००१८.५ या समूहाची टक्कर अशी जवळजवळ समोरासमोर आपल्याकडे रोखलेली आहे. २०२४ मध्ये त्यातल्या वायूचा आणि दीर्घिकांचा वेग वेगवेगळा मोजून कृष्णद्रव्य वायूच्या पुढे निघून गेल्याचं दाखवण्यात आलं.

सगळ्या टकरी बुलेटसारख्या सुबक असतात का?

छे. पँडोरा, म्हणजे आबेल २७४४, हा किमान चार समूहांचा गुंता आहे. आबेल ५२० ने तर संशोधकांची झोप उडवली. २००७ मध्ये तिथे वायूच्या मधोमध, जिथे दीर्घिका फारशा नाहीत, तिथे वस्तुमानाचं शिखर दिसलं. कृष्णद्रव्य थांबलं आणि दीर्घिका पुढे गेल्या असा त्याचा अर्थ होईल आणि तो बुलेटच्या नेमका उलट. २०१२ मध्ये एका गटाला ते शिखर पुन्हा दिसलं, दुसऱ्या गटाला हबलच्याच निरीक्षणांत दिसलं नाही. माझं मत विचाराल तर दुर्बल भिंगाच्या नकाशातल्या एकट्यादुकट्या शिखरावर फार मोठी इमारत उभारू नये.

कृष्णद्रव्याबद्दल यातून नवं काय कळलं?

त्याचे कण एकमेकांशी फारसे टकरत नाहीत. टकरत असते तर वायूसारखं तेही दीर्घिकांच्या मागे रेंगाळलं असतं. हे रेंगाळणं मोजता येतं. २०१५ मध्ये डेव्हिड हार्वी आणि सहकाऱ्यांनी चंद्रा आणि हबलच्या माहितीतून अशा ७२ टकरी एकत्र तपासल्या. कृष्णद्रव्य दीर्घिकांच्या मागे पडल्याचं त्यांना आढळलं नाही आणि परस्पर-आंतरक्रियेची कमाल मर्यादा दर ग्रॅमला साधारण अर्धा चौरस सेंटिमीटर इतकी खाली आली. कृष्णद्रव्य कशाचं बनलंय हे यातून कळत नाही. काही कल्पना बाद होतात एवढंच, पण तेही थोडं नाही.

म्हणजे सुधारित गुरुत्वाची कल्पना निकालात निघाली?

गुरुत्वाचा नियमच बदलून कृष्णद्रव्याची गरज टाळता येईल, ही मोर्देहाइ मिल्ग्रोम यांची १९८३ ची मांडणी. बुलेट क्लस्टरपुढे ती अडखळते, कारण वस्तुमान जिथे दिसतं तिथे साधं द्रव्य पुरेसं नाही. तिचे समर्थक न्यूट्रिनोंसारखं काही न दिसणारं द्रव्य जोडून मार्ग काढतात, म्हणजे अदृश्य द्रव्य मागल्या दाराने आत येतंच. दुसरीकडे ते असंही विचारतात की एल गोर्डोसारखी प्रचंड टक्कर इतक्या तरुण विश्वात घडलीच कशी. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, उत्तर मात्र वस्तुमान आणि वेग किती धरता यावर बरंच अवलंबून आहे.

आपली आकाशगंगा अशा टकरीत सापडेल का?

आपण समूहात नाही, मोजक्या दीर्घिकांच्या स्थानिक गटात आहोत. देवयानी दीर्घिका आपल्याकडे येते आहे, पण ती दोन दीर्घिकांची गोष्ट झाली आणि तीही आता पक्की राहिलेली नाही. २०२५ मधल्या एका अभ्यासानुसार पुढच्या दहा अब्ज वर्षांत ती टक्कर होण्याची शक्यता निम्मीच आहे.

सर्वांत जवळचा मोठा समूह कन्या राशीतला, साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर. तो अजून घडतोच आहे. त्यातली एम८६ ही दीर्घिका पाहण्यासारखी. विश्वाच्या प्रसरणामुळे समूह एकूण आपल्यापासून दूर जातो आहे, पण एम८६ सेकंदाला सुमारे २४० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते, कारण आपल्या छोट्या गटासह ती समूहाच्या पलीकडच्या बाजूने आत कोसळते आहे. तिच्यामागे ओरबाडलेल्या वायूची लाखो प्रकाशवर्षं लांब शेपटी क्ष-किरणांत दिसते.

यातलं काही स्वतःच्या दुर्बिणीतून दिसेल?

बुलेट क्लस्टर विसरा. एम८६ मात्र सहा इंची दुर्बिणीतून, अंधाऱ्या आकाशात, धूसर ठिपका म्हणून सहज सापडते. शेजारी एम८४ असते आणि दोन्ही एकाच दृश्यक्षेत्रात येतात. मार्च ते मे हा काळ चांगला. आठ-दहा इंची दुर्बीण असेल तर अरुंधती केश तारकासमूहात कोमा समूहाच्या मधल्या दोन महाकाय दीर्घिका, एनजीसी ४८७४ आणि ४८८९, शोधा. एकाच समूहाच्या गाभ्यात दोन महाकाय असणं हीसुद्धा जुन्या विलीनीकरणाची खूण मानतात, आणि जवळच एनजीसी ४८३९ आपला गट घेऊन याच समूहात मिसळते आहे.

दुर्बीण नसली तरी चंद्रा आणि हबलची मूळ निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. जीएमआरटीच्या निरीक्षणांचाही तसाच खुला संग्रह आहे. प्रतिमा उघडायला डीएस९ हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. बुलेट क्लस्टरची क्ष-किरण फाइल त्यात घेऊन तीव्रतेचं प्रमाण लॉगवर ठेवा, थोडी गुळगुळीत करा, म्हणजे शीत आघाडी आणि तिच्यापुढची कमान दोन्ही वेगळ्या दिसतात.